स्टेपनी

मोटारीला चार चाकं असतात असं पहिलीच्या पुस्तकात चित्रासकट दिलेलं असतं. जव्हार-मोखाड्याकडचं पोर ते चित्र बघितलं की पहिला प्रश्न विचारतं, "गुरुजी, पाचवं कुठाय?" कारण आमच्याकडे गाडीची परीक्षा चार चाकांवर होतच नाही. विक्रमगडहून जव्हारचा घाट चढताना किंवा मोखाड्याहून तोरंगण घाटातून त्र्यंबककडे निघताना ड्रायव्हर पुढची काच पुसतो, उदबत्ती लावतो आणि मग मागं जाऊन स्टेपनीला एक लाथ घालतो. लाथेचा आवाज 'ठण्ण' आला तर गाडी सुटते. 'भस्स' आला तर उदबत्तीच्या दोन काड्या जास्त लागतात.

ही स्टेपनी मोठी इतिहासप्रसिद्ध बाई आहे. मोटारी निघाल्या तेव्हा त्यांच्याबरोबर जादा चाक द्यायची पद्धतच नव्हती. चाक फुटलं की साहेबानं कोट काढायचा, बाह्या सरसावायच्या आणि रस्त्यात बसून पंक्चर काढायचं. वेल्समध्ये लानेली म्हणून गाव आहे. तिथल्या डेव्हिस नावाच्या दोघा भावांनी १९०४ साली फुटलेल्या चाकाला जोडायचं जादा चाक तयार केलं. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून चाकाचं नाव स्टेपनी. साहेब आता त्याला स्टेपनी म्हणत नाही. आपण मात्र अजून म्हणतो. साहेबानं टाकलेल्या किती वस्तू आपण जपून ठेवल्यात याची यादी कधीतरी केली पाहिजे.

तर सांगायचा मुद्दा असा, की राखीव वस्तूचं मोल आमच्या मुलखाला जन्मतःच कळतं. शेतीचंच बघा. खालच्या सपाट खाचरात भात असतो. तो आमचा कप्तान. त्याची लावणी काय, त्याच्यासाठी राब भाजणं काय, सगळी मिजास त्याची. वर डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई गपचूप उभ्या असतात. पाऊस नीट पडला तर त्यांची कोणी फारशी विचारपूस करत नाही. पण ज्या वर्षी पाऊस दगा देतो आणि भात मान टाकतो, त्या वर्षी घरातल्या चुलीवर भाकरी नागलीचीच असते. त्यावेळी ती भाकरी काळी आहे म्हणून कोणी नाक मुरडत नाही.

आणि 'बदली' या शब्दाचं तर विचारूच नका. इतर महाराष्ट्रात बदली म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी जाणं. सरकारी नोकरांच्या भाषेत 'जव्हार-मोखाड्याला बदली' हा कित्येक वर्षं एक शिक्षेचा प्रकार होता. माणूस इथं येताना असा चेहरा करून उतरायचा, की स्टँडवरचा चहावाला पैसे घ्यायलासुद्धा लाजायचा. पण बदलीचा दुसराही अर्थ आहे. एकाच्या जागी दुसरा. बदली कामगार, बदली ड्रायव्हर, बदली मास्तर. आणि क्रिकेटमध्ये बदली खेळाडू.

क्रिकेटमधल्या या माणसाला मराठीत पूर्वीपासून एक झकास शब्द आहे: पाणक्या. इंग्रज त्याला 'बारावा गडी' म्हणून मान देतो. आपण तो नेमकं काय काम करतो ते सांगून मोकळे होतो. अकरा जण खेळतात, बारावा पाणी नेतो, हातमोजे नेतो, कप्तानाचा निरोप नेतो. कोणी लंगडला तर मैदानात उभा राहतो. पण बॅट धरायची नाही आणि चेंडू टाकायचा नाही हा नियम! म्हणजे लग्नात जेवायला बोलवायचं आणि वाढपी म्हणून पंगतीत फिरवायचं, त्यातला प्रकार.

यष्टिरक्षकाची जागा तर बदल्याला देतच नव्हते. २०१७ साली नियम बदलला आणि पंचांनी होकार दिला तर बदली खेळाडूलाही यष्टींमागे उभं राहता येऊ लागलं. त्याआधी असं करायला समोरच्या कप्तानाची मेहेरबानी लागायची. १९८६ साली लॉर्ड्सवर इंग्लंडच्या ब्रूस फ्रेंचला न्यूझीलंडच्या हॅडलीचा चेंडू लागला. बॉब टेलर नावाचा निवृत्त यष्टिरक्षक, वय पंचेचाळीस, त्या दिवशी सामना पुरस्कृत करणाऱ्या कंपनीच्या तंबूत पाहुण्यांची सरबराई करत होता. त्याला तिथून उचलला आणि यष्टींमागे उभा केला. गृहस्थानं ते काम असं चोख केलं, की निवृत्त झालेला हा की जखमी झालेला तो, असा प्रश्न पडावा.

आपल्याकडच्या राखीव मंडळींचा इतिहास याहून रंगतदार आहे. मोखाड्याहून घाट चढून पुढं गेलं की त्र्यंबक आणि त्यापुढं नाशिक. त्या नाशकात १९२१ साली माधव मंत्री जन्मले. पुढं ते दादरचे झाले. यष्टिरक्षक, सलामीचे फलंदाज आणि मुंबईचे कप्तान. १९४८-४९ च्या मोसमात पुण्याला मुंबई-महाराष्ट्र रणजी सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून २,३७६ धावा झाल्या. तेव्हा एकट्या मंत्रींच्या २०० होत्या. पण देशाच्या संघात यष्टींमागची जागा संगीत खुर्चीसारखी फिरत होती. कधी जोशी, कधी सेन, कधी मंत्री. मंत्रींच्या वाट्याला आल्या चार कसोट्या. त्यातली एक १९५२ ची लीड्सची. तिथं ट्रूमन नावाच्या नवख्यानं आणि बेडसरनं मिळून भारताची अवस्था 'शून्यावर चार बाद' अशी करून ठेवली आणि त्या चार शून्यांत एक शून्य मंत्रींचं होतं. त्यांची कसोटीतली सर्वांत मोठी धावसंख्या ३९.

याच मंत्रींच्या घरी एक भाचा यायचा. मामाचा देशाकडून मिळालेला पोशाख बघून त्यानं एक दिवस तो मागितला. मामानं सांगितलं, तो असा मागून मिळत नाही, घाम गाळून मिळवावा लागतो. भाच्याचं नाव सुनील गावसकर. चार कसोट्या खेळलेल्या मामानं एका वाक्यात सव्वाशे कसोट्यांची तजवीज करून ठेवली. राखीव माणसाच्या हिशेबात अशा धावा कुठं धरत नाहीत एवढंच.

दुसरे चंद्रकांत पंडित. हेही यष्टिरक्षक, पण किरण मोरे पुढं उभे. म्हणून पंडितांनी बॅटीच्या जोरावर संघात जागा काढली आणि १९८६ साली पहिली कसोटी खेळले ती यष्टिरक्षक म्हणून नव्हे, फलंदाज म्हणून. कुठं? लीड्सला! त्याच वर्षी शारजात मियाँदादनं शेवटच्या चेंडूवर षटकार मारून आपल्या साऱ्या देशाची झोप उडवली. तो षटकार सगळ्यांत जवळून बघणारा भारतीय म्हणजे यष्टींमागे उभे असलेले पंडित. मद्रासला ऑस्ट्रेलियाशी बरोबरीत सुटलेली ती प्रसिद्ध कसोटी झाली, तीही ते खेळले. १९८७ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात वेंगसरकरांचं पोट बिघडलं आणि पंडितांना पॅड बांधावे लागले. म्हणजे इतिहास घडत असताना हा माणूस दरवेळी हजर आणि दरवेळी दुसऱ्याच्या जागेवर. कसोट्या पाच. सर्वांत मोठी धावसंख्या किती म्हणाल? ३९! मंत्रींएवढीच, एक धाव कमी नाही की जास्त नाही. सरकारनं राखीव माणसासाठी काही मर्यादा ठरवून दिली आहे की काय कोण जाणे.

पंडित पुढं प्रशिक्षक झाले. मुंबईला रणजी करंडक मिळवून दिला, विदर्भाला लागोपाठ दोनदा दिला. १९९९ साली मध्य प्रदेशाचे कप्तान असताना बंगळूरच्या ज्या मैदानावर त्यांच्या हातून करंडक निसटला होता, त्याच मैदानावर २०२२ साली त्यांनी मध्य प्रदेशाला पहिल्यांदा तो जिंकून दिला. समोर हरणारा संघ मुंबईचा. तेवीस वर्षं एखादी गोष्ट मनात ठेवायची आणि तोंडानं काही बोलायचं नाही, हे पाणक्यालाच जमतं.

आता आमच्या माणसाकडे वळतो. आमचा माणूस म्हणजे शार्दूल ठाकूर.

हा 'आमचा' कसा झाला हे आधी सांगायला हवं, कारण मूळचा तो समुद्राकाठचा आणि आम्ही डोंगरावरचे. मासळी त्यांच्याकडे, मोहाची फुलं आमच्याकडे. दोघांचा जिल्हा ठाणे होता, पण तो जिल्हा एवढा अवाढव्य, की एका टोकाच्या माणसानं दुसऱ्या टोकाच्या माणसाला आपलं म्हणायला निदान दोन गाड्या बदलाव्या लागायच्या. १ ऑगस्ट २०१४ ला सरकारनं पालघर जिल्हा केला आणि जव्हार-मोखाडा त्यात टाकले. त्या दिवशी आम्हाला दोन गोष्टी मिळाल्या. कचेरीच्या कामासाठी खेटे घालायला नवं गाव, आणि एक मध्यमगती गोलंदाज. पहिल्या गोष्टीबद्दल मतभेद आहेत. दुसरीबद्दल नाहीत.

पालघर ते चर्चगेट हे अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. २०१३ पर्यंत चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत येतच नव्हती, विरारला येऊन दम टाकायची. त्या काळात हा शेतकऱ्याच्या घरातला मुलगा खांद्यावर किट घेऊन पहाटेच्या गाडीनं मुंबईला जायचा. गाडीतल्या भाजीवाल्या, दूधवाले आणि नोकरदार यांच्यात क्रिकेटचं किट घेऊन उभं राहणं हीसुद्धा एक कसोटीच. तुमच्या पिशवीपेक्षा तुमची जागा लहान असते. बोरिवलीचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला आपल्या शाळेत आणलं आणि प्रवासात पोराचा जीव जाऊ नये म्हणून आपल्या घरीच ठेवून घेतलं. २००६ साली हॅरिस शील्डच्या सामन्यात या मुलानं एका षटकात सहा षटकार मारले. आता ज्यानं सहा चेंडूंवर सहा षटकार मारले, त्याला माणसं फलंदाज म्हणतील की नाही? पण तो झाला गोलंदाज. आमच्याकडे हे नवीन नाही. आमच्याकडचा चांगला सुतार बहुधा ढोल वाजवत असतो आणि चांगला ढोलवाला बँकेत शिपाई असतो.

देशाच्या संघात तो आला २०१७ साली, श्रीलंकेत, एकदिवसीय सामन्यात. पाठीवर आकडा कोणता? दहा! आपल्या जन्मतारखेच्या बेरजेशी तो आकडा जुळतो एवढीच त्याची समजूत. पण सचिन तेंडुलकरचा दहा आकडा म्हणजे देवळातला घंटेचा दोर. तो कोणीही ओढायचा नसतो. देशभर गहजब झाला. पुढं त्यानं ५४ घेतला. नव्या माणसानं ऑफिसात पहिल्याच दिवशी साहेबाच्या खुर्चीवर बसावं आणि सगळ्या कारकुनांनी एका सुरात ओरडावं, तसलं ते स्वागत.

कसोटीत बोलावणं आलं ऑक्टोबर २०१८ मध्ये, हैदराबादला, वेस्ट इंडीजविरुद्ध. पोरानं किती वर्षं या दिवसाची वाट बघितली असेल! त्यानं दहा चेंडू टाकले आणि मांडीचा सांधा दुखावला. संपलं. एक षटक आणि वर चार चेंडू. एसटीत खिडकीची जागा मिळावी आणि स्टँडाच्या बाहेर पडायच्या आत गाडी बंद पडावी, असं. त्यानंतर पुढची कसोटी मिळायला सव्वादोन वर्षं गेली.

मधल्या काळात नशिबानं त्याची आणखी एकदा गंमत केली. १२ मे २०१९, आयपीएलचा अंतिम सामना. चेन्नईला शेवटच्या दोन चेंडूंत चार हव्यात आणि फलंदाजीला कोण, तर आमचा ठाकूर. एका चेंडूत दोन काढल्या. राहिल्या एका चेंडूत दोन. मलिंगानं संथ चेंडू टाकला, ठाकूर पायचीत, चेन्नई एका धावेनं हरली. त्याच वर्षी डिसेंबरात कटकला मात्र त्यानं सहा चेंडूंत नाबाद १७ करून वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका जिंकून दिली, आणि दिल्लीच्या विराट कोहलीनं त्याला चक्क मराठीत शाबासकी लिहिली: तुला मानला रे ठाकूर. राजभाषा दिनाला एवढी भाषणं होतात, त्यांनी मराठीचा जेवढा प्रसार झाला नाही तेवढा या चार शब्दांनी झाला असेल.

मग आलं ब्रिस्बेन. जानेवारी २०२१. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात आपले गडी एकामागून एक असे जायबंदी झाले, की संघाची यादी म्हणजे दवाखान्याचं रजिस्टर वाटावं. बुमराह नाही, शमी नाही, उमेश नाही, अश्विन नाही, जडेजा नाही. सराव देण्यासाठी बरोबर नेलेली पोरंसुद्धा संघात घ्यावी लागली. जे पाच गोलंदाज उभे राहिले त्यांचा आधीचा सगळा अनुभव मिळून चार कसोट्या. त्यातली एक आमच्या ठाकूरची, तीही दहा चेंडूंची. म्हणजे गाडीची चारही चाकं फुटलेली आणि गाडी निव्वळ स्टेपन्यांवर निघालेली. आणि रस्ता कोणता, तर ब्रिस्बेनच्या गाबा मैदानाचा. तिथं ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरलीच नव्हती.

ठाकूरनं पहिला चेंडू टाकला आणि हॅरिस बाद! कसोटी कारकिर्दीतला अकरावा चेंडू. दहाव्या आणि अकराव्या चेंडूमध्ये सव्वादोन वर्षं. एवढ्या अवधीत आमच्याकडे रस्त्यातला खड्डा बुजून, पुन्हा पडून, पुन्हा बुजतो. पुढं भारताची अवस्था सहा बाद १८६ असताना तो फलंदाजीला आला. दुसरा कोणी असता तर आधी दोन-चार षटकं खेळपट्टी चाचपून बघितली असती. यानं खातं उघडलं तेच कमिन्सला षटकार मारून. पन्नास पूर्ण केल्या त्याही षटकारानं. वॉशिंग्टन सुंदर नावाचा दुसरा असाच आयत्या वेळचा पाहुणा समोर होता. दोघांनी १२३ धावा जोडल्या. ठाकूरच्या ६७, त्या डावातल्या सर्वांत जास्त. शिवाय दोन्ही डावांत मिळून सात बळी. शेवटच्या दिवशी भारतानं ३२८ धावांचं लक्ष्य गाठलं आणि गाबा पडला. कोहली तेव्हा घरी आला होता. त्यानं पुन्हा मराठीत लिहिलं आणि या वेळी त्यात 'परत' हा शब्द घातला. त्या 'परत'मध्ये सगळं आलं. एकदा मानणं सोपं असतं. राखीव माणसाला परत परत मानून घ्यावं लागतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात ओव्हलवर त्यानं ३१ चेंडूंत पन्नास केल्या, दुसऱ्या डावात ६० केल्या, आणि शेवटच्या दिवशी जो रूटचा त्रिफळा उडवला. सामना आपण जिंकला. जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला एका डावात ६१ धावांत ७ बळी घेतले. पोरं त्याला लाडानं आणि चेष्टेनं 'लॉर्ड' म्हणू लागली. आता जव्हारकडच्या माणसाला लॉर्डांचं कौतुक नाही. आमच्या गावात राजवाडाच आहे. पण हा लॉर्ड असा, की त्याची जहागीर दर सामन्याला खालसा व्हायची. वरचा गोलंदाज बरा झाला, की हा बाहेर. पांड्या बरा असला, की हा बाहेर. खेळपट्टी फिरकीला साथ देणार असली, की हा बाहेर. 'फलंदाजीही करतो' हा गुण त्याला आत आणायचा आणि 'गोलंदाजीच करतो ना' हा आक्षेप त्याला बाहेर काढायचा. हरहुन्नरी माणसाची ही जुनीच रड आहे. घरात ज्याला विजेची बटणं दुरुस्त करता येतात, पापड लाटता येतात आणि आजीला दवाखान्यात नेता येतं, त्याला 'तू नक्की काय करतोस रे?' असं पाहुणे विचारतात. अमेरिकेत बेसबॉलच्या संघात अशा बहुगुणी राखीव गड्याला 'युटिलिटी प्लेअर' म्हणतात. नाव कसं, पाणी तापवायच्या बंबासारखं! पण निदान नाव तरी आहे.

मार्च २०२४ मध्ये रणजीच्या उपांत्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध मुंबई सात बाद १०६ झाली असताना त्यानं १०९ धावा ठोकल्या. प्रथम श्रेणीतलं ते त्याचं पहिलं शतक. मुंबई पुढं करंडकही जिंकली. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आयपीएलचा लिलाव झाला तेव्हा त्याच्यावर कोणी बोलीच लावली नाही. आठवडी बाजारात कोंबडासुद्धा न विकता परत येत नाही, कोणीतरी दोन रुपये कमी करून घेतोच. इथं देशाकडून खेळलेला माणूस तसाच राहिला. मार्च २०२५ मध्ये लखनौच्या एका गोलंदाजाला दुखापत झाली आणि ठाकूरला बोलावणं गेलं. दुसऱ्याच सामन्यात हैदराबादविरुद्ध ३४ धावांत चार बळी! मैदान कोणतं? हैदराबादचंच. जिथं दहाव्या चेंडूवर कसोटी संपली होती ते गाव.

जून २०२५ मध्ये पुन्हा कसोटी संघात बोलावलं. कुठं? वाचकहो, आता तुम्हीच सांगा. लीड्सला! मंत्री, पंडित आणि ठाकूर. ते गाव आपल्या राखीव माणसांचं त्र्यंबकेश्वर आहे, प्रत्येकाला एकदा तिथं जाऊन यावंच लागतं. पहिल्या डावात त्याच्या वाट्याला सहा षटकं आली. दुसऱ्या डावात लागोपाठच्या दोन चेंडूंवर त्यानं डकेट आणि ब्रुक यांना घालवलं आणि घटकाभर सामना फिरतोय असं वाटलं. फिरला नाही. आपण हरलो आणि पुढच्या सामन्याला हा परत बाकावर. दोन सामन्यांनंतर मँचेस्टरला पुन्हा घेतलं, तिथं ४१ केल्या. त्या दौऱ्याअखेर हिशेब झाला कसोट्या तेरा, बळी तेहतीस.

आकड्यांच्या पुस्तकात या तेरा कसोट्या एका ओळीत मावतात. न खेळलेल्या सामन्यांची ओळ पुस्तकात नसते. त्या सामन्यांतही तो पहाटे उठला होता, धावला होता, नेटमध्ये दुसऱ्यांना सराव देत होता आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आत-बाहेर करत होता. कधी बोलावतील ते ठाऊक नाही, बोलावतील की नाही तेही ठाऊक नाही, आणि बोलावलं तर पहिल्याच चेंडूला तयार पाहिजे. खेळणाऱ्याला निदान धाप लागते. वाट बघणाऱ्याला धाप लागली तरी ती कोणाला दिसत नाही.

म्हणून २०२५ च्या ऑक्टोबरात मुंबईनं रणजीसाठी कप्तान म्हणून शार्दूल ठाकूरचं नाव जाहीर केलं, तेव्हा आमच्या डोंगरावरही आनंद झाला. चौकातल्या टपरीवर चर्चा अशी चालली होती, की आता तो दुसऱ्यांना पाणी आणायला सांगणार. टपरीवाला म्हणाला, "तो सांगणार नाही. सवयीनं स्वतःच उठंल."

त्यावर एक म्हातारबाबा, ज्यांना क्रिकेटमधलं काही कळत नाही आणि शेतीतलं सगळं कळतं, विडी विझवत म्हणाले, "नागलीला भाव आला म्हनायचा." आणि खरंच, हल्ली शहरातल्या दुकानांत नागलीची बिस्किटं आमच्या भातापेक्षा महाग मिळतात.